डब्यातले पैसे आणि मार्सेलिसचा प्रवास

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शाळा सातवीपर्यंत झाली, आणि पुढे सगळे बोलणे भाजीवाल्याशी नाही तर घरच्यांशी. परंतु "फ्रान्सला जाऊन आलात, पैसे किती लागले ते तरी सांगा," असे चिटणीसबाईंनी दहादा म्हटले. तेव्हा पैशांचेच सांगते.

माझी थोरली शिकायला मार्सेलिसला गेली आणि शिक्षण झाल्यावर तेथेच नोकरीला लागली. तिकडे त्या गावाला मार्सेय म्हणतात; पण आपण नाशिकची माणसे मार्सेलिसच म्हणणार. भगूरच्या सावरकरांनी 8 जुलै 1910 रोजी 'मोरिया' बोटीतून उडी घेतली ती तेथेच. ते पोहून किनाऱ्याला लागले, पण तेथे पुन्हा पकडून बोटीवर नेले. लहानपणी ऐकलेल्या त्या बंदरात आपली मुलगी राहील असे कधी वाटले नव्हते. दोन वर्षे तिला पाहिले नव्हते.

वही घेऊन बसले. युरोला 105 रुपये धरले. पंधरा दिवसांचा, एका माणसाचा हिशेब असा झाला: विमानाचे जाण्यायेण्याचे 58,000, व्हिसा व त्यावरचे आकार 12,000, विमा 1,800, पासपोर्ट 1,500, तिकडची रेल्वे 9,000, मुंबईचे जाणेयेणे व गरम कपडे 6,000, आणि वरखर्चाला 20,000. म्हणजे 1,08,300. दोघांचे त्याच्या दुप्पट.

माझ्या डब्यात 1,16,000 होते. नऊ उन्हाळ्यांच्या पापड-कुरडयांचे. ह्यांचे म्हणणे पडले की सासूबाईंच्या गुडघ्यासाठी ठेवलेले आहेत, त्यातले घेऊ आणि दोघे जाऊ. सासूबाईही म्हणाल्या, "माझा गुडघा थांबेल." मी नाही म्हटले. गुडघा थांबत नाही, रात्री त्या कशा कण्हतात ते मला ठाऊक आहे. दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. मग हेच म्हणाले, "तू जा. पैसे तुझे आहेत, आणि पोरगी फोनवर आधी तुलाच विचारते." मला ते गोड लागले नाही. आजही लागत नाही.

पण खरी अडचण पुढेच होती. व्हिसासाठी बँकेचा तीन महिन्यांचा उतारा लागतो. माझ्या खात्यात होते साडेचारशे रुपये! नऊ वर्षे कष्ट केले, पण कागदावर मी रिकामी. एका एजंटाने सांगितले, "अर्ज करायच्या आदल्या दिवशी भरून टाका." बरे झाले, मुलीला विचारले. एकाएकी मोठी रक्कम आली की तपासणाऱ्याला ती उसनी वाटते. म्हणून जानेवारी 2025 मध्येच सगळे बँकेत भरले, ऑर्डरींची वही जपून ठेवली, आणि ऑगस्टमध्ये अर्ज केला. सोबत ह्यांच्या पगाराचे कागदही जोडले.

आणखी एक गंमत. तेथे रोजचा खर्च परवडेल एवढे पैसे दाखवावे लागतात. हॉटेल ठरवलेले नसेल तर दिवसाला 120 युरो, म्हणजे पंधरा दिवसांचे 1,89,000 रुपये! माझ्या डब्यापलीकडचे. पण मुलीने तिथल्या नगरपालिकेतून पाहुणी ठेवण्याचा दाखला काढला, त्याला 30 युरोचे तिकीट लागले, आणि दिवसाची रक्कम साडेबत्तीस युरोवर आली. पंधरा दिवसांचे 51,000 च्या थोडे वर. हे पैसे खर्चायचे नसतात, नुसते दाखवायचे असतात. विमानाची जागा तेवढी राखून ठेवली. पैसे भरले व्हिसा हाती आल्यावर. व्हिसाची फी 90 युरो, ती मात्र नकार आला तरी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, मी मुंबईला गेले. पासपोर्टचे काम मात्र नाशिकलाच झाले.

सामानात तुपाचे लाडू बांधले होते, ते काढावे लागले. दूधदुभत्याचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. चिवडा, मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला नेला.

ऑक्टोबरात निघाले. पॅरिसच्या विमानतळालाच लागून रेल्वे स्टेशन आहे. तेथून थेट गाडी. तिकीट आधी काढले म्हणून स्वस्त पडले. मार्सेलिसच्या स्टेशनाबाहेर 104 पायऱ्यांचा जिना आहे, त्याच्या टोकाला मुलगी उभी होती. तेथला हिशेब मी वहीत लिहिलेला नाही.

पहिले तीन दिवस मी प्रत्येक गोष्टीला 105 ने गुणत होते. स्टेशनवर कॉफी आणि पाव घेतला तो अकराशे रुपयांना पडला, घशाखाली उतरेना. मग घरीच स्वयंपाक केला. नोआय नावाच्या भागात बाजार भरतो, तो थेट आपल्या भद्रकालीसारखा: कोथिंबीर, मिरच्या, मसाले, आरडाओरडा. तेथल्या लोकांचा एक खाऊ आहे, पानिस. डाळीचे पीठ शिजवून थापतात, गार झाले की कापून तळतात. अहो, पाटवडीच की! सात समुद्र ओलांडून पाटवडी खाल्ली. टेकडीवरच्या मोठ्या देवळात जायला पैसे पडत नाहीत; तेथून सगळे बंदर दिसते. तेथे बराच वेळ बसले.

एकूण खर्च 1,04,700 झाला. मंडळाला त्या गावचा साबण आणला आहे, तो आज वाटायचा आहे.

सासूबाईंची शस्त्रक्रिया डिसेंबरात झाली. उरलेले 11,300 डब्यात नाही, खात्यात ठेवले आहेत, आणि दरमहा 3,000 त्यात भरते. हे तिकीट ह्यांचे. हिशेबाची वही माझ्यापाशी आहे. कोणाला उतरून घ्यायची असेल तर दुपारी तीननंतर घरी या, सकाळी मला सवड नसते.