वीस मिनिटांचे चित्र



संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढणाऱ्या तरुणांची एक तक्रार नेहमी कानी येते. चित्र नीटनेटके होते, पण निर्जीव वाटते. आणि त्यापायी आठ आठ दिवस खर्ची पडतात. या दोन्ही दुखण्यांवर एक जुने औषध आहे. रोज एक अभ्यासचित्र काढावे आणि ते वीस मिनिटांत हातावेगळे करावे.

जुने अशासाठी म्हणतो, की इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे ढगांचे असेच अभ्यास केले. कागदावर तैलरंगाने काढलेल्या त्या चित्रांपैकी कित्येकांच्या पाठीमागे त्याने तारीख, वेळ आणि वारा कसा होता हेही टिपले आहे. ढग काही त्याच्यासाठी थांबणार नव्हते! तेव्हा काय घ्यावे आणि काय सोडावे, हे त्याला तिथल्या तिथे ठरवावे लागे.

जलरंगाचा कागद वाळतो, सांजवेळचे ऊन उतरते. हे चित्रकाराचे कडक गुरुजीच म्हणावयाचे. पडद्यावरचा रंग मात्र कधीच वाळत नाही. चुकलेला फटकारा एका टिचकीसरशी नाहीसा होतो. चित्राचा कोपरा हवा तेवढा मोठा करून पाहता येतो. सोय मोठी खरी, पण शिकणाऱ्याला ती भित्रे बनविते. निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागते, आणि हात आखडतो तो इथेच.

म्हणून बंधन आपणच घालून घ्यावे. समोर घड्याळ ठेवावे. सबंध चित्र सदैव नजरेसमोर असू द्यावे. ते मोठे करून पाहू नये. कुंचला एकच आणि जाड घ्यावा. पहिली पाच मिनिटे डोळे किलकिले करून उजेड, सावली आणि मधली छटा एवढेच मोठे आकार मांडावेत. फटकारा चुकला तर पुसू नये, त्यावर दुसरा द्यावा. वेळ संपली की थांबावे.

कोणी म्हणेल, ही तर घाई झाली. घाई करणारा न पाहताच रंगवितो. या अभ्यासात अधिक वेळ पाहण्यातच जातो. वेग येतो तो नको ते गाळल्यामुळे.

हे साधन हलके आहे, असेही समजू नये. डेव्हिड हॉकनी यांनी ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावर, २०२० साली, फ्रान्समधील नॉर्मंडीत आयपॅडवर वसंत ऋतू रंगविला. त्यांतली ११६ चित्रे २०२१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली. बहर काही दिवसांचाच असतो. त्याला गाठावयाचे तर हात सैल हवा.

महिनाभराने ही अभ्यासचित्रे ओळीने मांडून पाहावीत. त्यांतली बहुतेक फसलेली असतील, आणि तशी ती असावीतच. फसण्याची भीती गेली, की मोकळेपणा शिकवावा लागत नाही.