पुढचं वाचायचं नाही

मफलर गुंडाळून आलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'आमच्या घराची आवडती पुस्तकं'. मी सात पुस्तकं टिपून आणली आहेत आणि मला 45 मिनिटं दिली आहेत. पुस्तकामागे सहा-साडेसहा मिनिटं होतात. त्यातली दोन बाहेरच्या कोळशाच्या ट्रकांनी हॉर्न मारून खायची. (हशा)

घुग्घुसची ओळख घुग्घुसवाल्यांना काय करून द्यायची! खदान, सिमेंटचा कारखाना, वर्धा नदी, नदीच्या पलीकडे वणीची हद्द, 1973 चं खदानींचं राष्ट्रीयीकरण, त्यानंतर क्वार्टरांमधून एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली मराठी, तेलुगू, हिंदी माणसं. हे तुमच्याच घरात घडलं आहे. पुढे जातो.

माझा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे. दोघेतिघे आत्ताच हसायला लागले. जे पुस्तक घरात एकदाही मोठ्यानं वाचलं गेलं नाही, ते त्या घराचं आवडतं पुस्तक आहे असं म्हणू नये. एका माणसाचं असेल. त्याला माझी हरकत नाही. पण पत्रिकेवर 'घर' लिहिलंय, आणि पत्रिका मी छापलेली नाही.

आता मला सांगा, हा काय मी लावलेला शोध आहे? ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आधी ऐकणारे जमले, पोथी मागाहून झाली. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा 42. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. आम्ही काय करतो? सुट्टीत मुलाच्या हातात पुस्तक देतो आणि संध्याकाळी विचारतो, संपलं का? अहो, 42 रात्री एका दुपारी कशा संपतील? आपल्या जिल्ह्यातल्या चिमूरशी ज्यांचं नाव 1942 च्या उठावापासून जोडलेलं आहे, त्या तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' तर माझ्या आजोबांनी स्वतः कधी उघडलीही नसेल. भजन मंडळात ऐकून ऐकून त्यांना पाठ होती.

आणि आम्ही 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो तो कसा? पोरं रांगेत बसवायची, हातात एकेक पुस्तक द्यायचं आणि सांगायचं, चुपचाप वाचा. चुपचाप! (हशा) हसू नका, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. शाळेचं नाव घेत नाही.

बरं, पहिलं पुस्तक. 'रारंग ढांग'. प्रभाकर पेंढारकर, 1981, मौज प्रकाशन. पेंढारकर माहितीपट करणारे, चित्रपटवाल्या भालजी पेंढारकरांचे चिरंजीव, हे तुम्हाला माहीत आहे. हिमालयातला रस्ता, सुरुंग, मजूर, एक तरुण इंजिनिअर, आणि शेवटी कोर्टमार्शल. निकाल सांगत नाही. का, ते कळेलच.

माझे बाबा खदानीत ड्रिलवर होते. ओबीत, म्हणजे कोळशावरच्या दगडमातीत, भोकं पाडायची, मग ब्लास्टिंगवाले येऊन त्यात दारू भरणार. दुपारी ब्लास्टिंग झालं की आमच्या मांडणीतली ताटं वाजायची आणि माय म्हणायची, झाली यांच्या भोकाची दिवाळी. मायला अक्षर येत नव्हतं. आरमोरीकडची होती ती. बाबा पाचवी शिकलेले. मी सातवीत. वाचनालयातून पुस्तक आणायचं, जेवणं झाली की मी वाचायचं, माय तांदूळ निवडत ऐकणार, शेजारच्या तेलुगू काकूही येऊन टेकणार. काकूंना निम्मं कळायचं, उरलेलं त्या मायला हिंदीत विचारायच्या. आणि मायचं हिंदी म्हणजे... जाऊ द्या.

बाबांना ऐकता यायचं नाही. म्हणजे गप्प बसून ऐकता यायचं नाही. सुरुंगाचं काही आलं की हात वर. "भोक किती फुटाचं?" मी पान मागेपुढे करून सांगायचो, सापडत नाही. "कसं सापडत नाही? दगड कोणता आहे? माणसं किती लांब उभी केली?" लेखकानं उत्तर दिलं नाही की स्वतःच द्यायचे. एका रात्री चार पानं पुढे सरकली तर पुष्कळ. माय चिडायची. पण मजुरांचं काही आलं की तीच सूप बाजूला ठेवायची.

पुस्तक शेवटाला आलं तेव्हा बाबांची नाईट लागली. आठवडाभर वाचन बंद, कारण घरचा नियम होता, सगळे असल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. पाळी बदलली आणि आम्ही पुन्हा बसलो. मी कोर्टमार्शलचा भाग सुरू केला. एक पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. सूप थांबलं. माय म्हणाली, "थांब रे." आणि बाबांकडे बघत राहिली. बाबा कंदिलाकडे बघत होते. त्या दिवशी लाईन गेलेली होती.

"आज तुमी बोलून काहून नाही राहिले?"

बाबा म्हणाले, ऐकून राहिलो.

माय काकूंकडे वळली. "यायनं पुढचं वाचून ठेवलं. आपल्याले सोडून."

खरं होतं. नाईटला जाताना जेवणाच्या डब्याच्या पिशवीत पुस्तक घालून नेलं होतं आणि सकाळी परत ट्रंकेवर ठेवलं होतं. मला कळलं नव्हतं. पानांच्या कडेला काळी बोटं होती, पण ती आमच्या घरात प्रत्येक वस्तूला असायची. जिला अक्षर येत नव्हतं तिनं हे ओळखलं, कारण रोज दहादा अडवणारा माणूस तीन पानं गप्प बसला होता.

शिक्षा मायनंच दिली. उरलेलं यांनी वाचायचं. बाबांनी पुस्तक कंदिलाजवळ धरलं आणि बोट ठेवून, शब्द तोडून तोडून, तार वाचावी तसं वाचू लागले. जोडाक्षर आलं की ओठ आधी हलायचे. मी मदत करायला गेलो तर मायनं माझा हात धरून खाली बसवलं. निकाल आला तिथे ते थांबले. त्यांना तो ठाऊक होता, तरी थांबले. मग माय म्हणाली...

(व्यासपीठावरून चिठ्ठी) "दहा मिनिटं." दहा? अहो, सात पुस्तकांतलं पहिलं चालू आहे! (हशा, टाळ्या) माय काय म्हणाली ते आता राहू द्या. नाहीतरी ते सांगितलं तर तुम्हाला निकाल कळेल.

मागून कुणीतरी विचारतंय, सर, 'कोसला' मोठ्यानं वाचता येईल का? येईल. मी वाचलंय, बायकोला. तिनं दोन संध्याकाळी ऐकलं आणि तिसऱ्या संध्याकाळी माहेरी फोन लावला. (हशा) प्रत्येक पुस्तक सासू-सासऱ्यांसमोर वाचण्यासारखं असतं असं मी कधी म्हटलेलं नाही. आणि मोबाईलवर गोष्ट लावून देणं म्हणजे मोठ्यानं वाचणं नव्हे, हेही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. मोबाईलला भोक किती फुटाचं ते विचारता येत नाही.

'एक होता कार्व्हर' गेलं. 'बनगरवाडी' गेली. 'पाडस' मी मुलीला वाचून दाखवलं आणि दोघं रडलो, एवढ्यावर ते आटोपतं. 'प्रकाशवाटा'वर बोलायचं फार मनात होतं. त्यातलं हेमलकसा आपल्यापासून दूर नाही, पण आज ते होत नाही.

'गोईण' मात्र सोडणार नाही, अध्यक्ष रागावले तरी. राणी बंग यांचं पुस्तक. गोईण म्हणजे आपल्याकडे मैत्रीण. गडचिरोलीच्या बायका आणि झाडं, त्यांचं एकमेकांशी काय नातं असतं, हे बायांनी सांगितलं आणि बाईंनी ऐकून लिहिलं. हे मी मायला वाचून दाखवलं तेव्हा बाबा नव्हते. ती सत्तरीची होती. मोहाचं आलं, तेंदूचं आलं. ती म्हणाली, "हे तं मले मालूमच आहे, यात वाचाचं काय?" मी पुस्तक मिटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मोहाचं पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. आणि मग बाबांसारखा हात वर केला तिनं. आरमोरीकडे काय करतात ते सांगू लागली, ते पुस्तकात नव्हतं. मी पेन्सिलीनं मार्जिनमध्ये लिहून घेतलं. माझ्या घरातल्या सगळ्या पुस्तकांत माग काढून चोरावं असं ते एकच आहे, पण देणार नाही.

शेवटचं, खरंच शेवटचं. आपल्याकडचा बांबू बल्लारपूरच्या मिलमध्ये जातो, 1945 पासूनची ती मिल, तिथे कागद होतो, आणि छापलेलं पुस्तक पुण्या-मुंबईहून भाडं भरून आपल्याकडे परत येतं. इतका प्रवास करून आलेल्या पाहुण्याला आपण बोलूसुद्धा देत नाही...

हो, हो, थांबतो. चिठ्ठी नको, दिसलं मला.

येत्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता वाचनालयात सतरंजी टाकून ठेवतो आहे. घरातलं कुणी न वाचणारं असेल तर त्यांना आधी आणा. 'रारंग ढांग' पहिल्या पानापासून सुरू करू. पुस्तक माझ्याकडे आहे, चष्मा ज्याचा त्यानं आणावा.