सुनील जाना यांच्या छायाचित्रांपाशी

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतमालाचे भाव आणि पीकविमा या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची इच्छा होती. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करणार! परंतु मी त्यांच्याकडे विषय बदलून मागितला, आणि त्यांनी तो दिला, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात नद्यांनी पिके तर नेलीच, अनेक ठिकाणी खालची मातीही खरवडून नेली. तुमच्यापैकी कित्येकजण तेव्हा चिखल तुडवीत गावोगाव हिंडलात, पंचनाम्यांसाठी तलाठ्यांशी भांडलात. त्यानंतर दोघा-तिघा तरुण मित्रांनी मला निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला : सर, आपण हे सारे करतो, याने काही फरक पडतो का? याचे शास्त्रशुद्ध उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र अशाच एका काळात मला स्वतःला जिथे आधार मिळाला, ती जागा तुम्हांला दाखवावी, एवढाच आजचा हेतू आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. चार माणसेदेखील खांदा द्यायला नव्हती. त्या उन्हाळ्यात वाचन होईना. अक्षरे डोळ्यांपुढून नुसती सरकत. मुलीने पूर्वी कधी पुण्याहून एक जाड पुस्तक आणून दिले होते, सुनील जाना यांच्या छायाचित्रांचे. वाचावे लागणार नाही म्हणून मी ते उघडले. दुष्काळाची, उपासमारीची चित्रे पाहून शोकात बुडालेल्या माणसाला बरे कसे वाटावे, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. माझ्याही आला.

जाना यांचा जन्म १९१८ सालचा, आसामातील दिब्रुगढचा, वाढले कलकत्त्यात. इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी, छायाचित्रणाचा हौशी. १९४३ मध्ये बंगालात माणसे रस्त्यावर मरू लागली तेव्हा कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांनी त्यांना हाताला धरून दुष्काळी जिल्ह्यांत नेले. बरोबर चित्रकार चित्तप्रसाद होते. एकाने रेखाटायचे, दुसऱ्याने छायाचित्रे घ्यायची, आणि पक्षाच्या ‘पीपल्स वॉर’ या साप्ताहिकात ती छापायची, असा तो क्रम होता. पुढे जाना मुंबईत खेतवाडीतील पक्षाच्या निवासात राहिले. बंगालची ती हाक मराठी माणसापर्यंत पोहोचविली ती अण्णाभाऊ साठे आणि शेजारच्या बार्शीचे अमर शेख यांच्यासारख्या शाहिरांनी. डोळ्यांपर्यंत पोहोचविली ती जानांनी.

आता आपल्या पंथातील वडीलधाऱ्यांना हे नाव घेताना जरा अवघडल्यासारखे होते, हे मी जाणतो. ४२ साली आपले लोक तुरुंगात आणि भूमिगत होते, आणि हा पक्ष त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हणत होता; त्याच्या मराठी पत्राचे नावच ‘लोकयुद्ध’ होते. तो वाद खोटा नव्हता आणि मी तो येथे मिटवायला आलेलो नाही. परंतु कलकत्त्याच्या पदपथावरील बाई कोणत्या पक्षाच्या माणसाने टिपली, यावरून तिची भूक कमी-जास्त होत नाही.

त्या काळाची एक गोष्ट अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून सांगितलीच पाहिजे. ब्रिटिश सरकारने बंगालात दुष्काळसंहिता लागू केलीच नाही, कारण ती लागू करणे म्हणजे दुष्काळ आहे हे कबूल करणे. मृतांची संख्या सरकारी चौकशी आयोगाने सुमारे पंधरा लाख मानली. अमर्त्य सेन यांचा अंदाज तीस लाखांच्या घरात जातो. धान्याचा साठा नव्हता म्हणून नव्हे, मजुरांना-कोळ्यांना ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती म्हणून माणसे मेली, हे सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. कागदोपत्री जो दुष्काळ नव्हता, तो ऑगस्ट १९४३ मध्ये कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने छायाचित्रे छापली तेव्हा नाकारणे अवघड झाले. चित्तप्रसादांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका तर सरकारने जप्त करून नष्ट केली. शब्द टाळता येतो, चित्र टाळता येत नाही. आपल्याकडे ‘टंचाईसदृश परिस्थिती’ हा शब्दप्रयोग ज्या बुद्धीतून निघाला, ती बुद्धी फार जुनी आहे. २०२५ साली ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी उठली, तेव्हा असा शब्द नियमपुस्तिकेत नाही, हेच उत्तर मिळाले होते.

मी इयत्ता सातवीत होतो तेव्हा १९७२ चा दुष्काळ पडला. कळंब तालुक्यातील आमच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले. आई खडी फोडायला जायची. शाळा सुटली की मी सुकडीच्या आशेने कामावर जाई. मिलोच्या भाकरीची चव आजही जिभेवर आहे. चांगली नव्हती, पण होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती, हे मी पुढे ज्याँ द्रेझ यांच्या लेखनात वाचले. त्या पन्नास लाखांत एक माझी आई होती. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि बंगालात झाला तसा मृत्यूंचा डोंगर येथे झाला नाही. त्यासाठी किती मोर्चे निघाले, हे तुम्हांला मी सांगायला नको.

पण आमच्या गावात कोणी सुनील जाना आला नाही. मस्टरवर आईचा अंगठा होता, तोही कुठे वाळवीने खाल्ला असेल. तिचे एकच छायाचित्र घरात आहे, माझ्या लग्नातले. त्यात पदर इतका ओढलेला की चेहरा अर्धाच दिसतो. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात पाने उलटताना कोळसाखाणीतल्या आणि बांधकामांवरच्या बायका समोर आल्या, आणि मी थांबलो. त्यांतील एकीची मान आईसारखी होती. ओझे घेऊन वळताना ती मान अशीच ताठ धरीत असे. भावाला मी त्या रात्री प्रथम मोकळेपणी रडलो.

यात भावनेचा भाग आहे, नाही म्हणत नाही. तथापि त्यापलीकडेही काही आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हा दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. फार मोठा कलावंत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातील मदतकार्याची छायाचित्रे त्यांनी घेतली आहेत. ती पाहताना मला मदत दिसते, व्यवस्था दिसते, देणारा दिसतो. घेणाऱ्याचे नाव-गाव मनात येत नाही. आजच्या भाषेत ते सारे ‘लाभार्थी’ आहेत. जानांच्या चित्रांतली माणसे, अगदी बरगड्या मोजता येणारीदेखील, कोणाचीच लाभार्थी नाहीत. उपाशी माणसांपुढे कॅमेरा धरणे त्यांना अतिशय जड जात असे. तो जडपणा चित्रांत उतरला आहे, असे मला वाटते. तेथे बघणाऱ्यालाच खाली पाहावे लागते.

आणि हे केवळ दुष्काळापुरते नाही. त्यांनी खाणकामगार टिपले, मच्छिमार टिपले, आदिवासी टिपले, आपल्याच निजामी राज्यातील तेलंगणाचे लढणारे शेतकरी टिपले. मरणारे आणि लढणारे एकाच डोळ्याने, एकाच अदबीने पाहिलेले आहेत. मला धीर मिळाला तो येथे. १९४३ चा भुकेला आणि पाच वर्षांनंतरचा शेतकरी ही दोन निराळी माणसे नाहीत, हे त्या पुस्तकात पाने उलटताच दिसते.

स्वतः जानांच्या वाट्याला सुख फार आले असे नाही. १९४८ साली पक्षाची धुरा जोशींकडून रणदिव्यांकडे गेली, जोशी बाजूला फेकले गेले, आणि त्यांच्या निकटचे म्हणून जानाही पक्षापासून तुटले. तरुणपणाची सगळी मैत्री एका ठरावाने संपावी, हे दुःख आपल्या चळवळीतही पुष्कळांनी भोगले आहे. अधिक बोलत नाही. त्यांनी कलकत्त्यात स्टुडिओ काढला, कारखाने आणि धरणांची कामे घेतली, आणि पाहणे थांबविले नाही. पुढे काचबिंदूने दृष्टी क्षीण होत गेली. अखेरची वर्षे परदेशात गेली. २०१२ च्या जूनमध्ये अमेरिकेत बर्कली येथे ते वारले. पत्नी काही आठवडे आधी गेली होती.

महापुराच्या वेळी मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे छापलेली तुम्ही पाहिलीत आणि संतापलात. संताप योग्य होता. पण त्याच दिवसांत तुमच्यातल्या एकाने परंडा तालुक्यातील एका म्हातारीचे छायाचित्र मोबाइलवर घेतले होते. वाहून गेलेल्या शेताच्या कडेला ती उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहते आहे. त्याने मला ते संकोचाने दाखविले आणि पुसून टाकू का, असे विचारले. मी म्हटले, पुसू नकोस. तिला नाव विचारून घे, तारीख लिही, आणि एक प्रत काढून तिच्या घरी नेऊन दे. तो गेला होता. म्हातारीने ती प्रत देव्हाऱ्याशेजारी लावली आहे, असे परवा सांगत होता.

पुस्तक मागच्या टेबलावर ठेवले आहे. चहा झाल्यावर हात पुसून पाहा; ते मुलीला परत करायचे आहे.