धातूची क्लॅरोनेट

माझ्या घरी सहा क्लॅरोनेट आहेत. सगळ्या जुन्या आणि सगळ्या धातूच्या. घरी येणारा पाहुणा हमखास विचारतो, "या खऱ्या आहेत का?" मैफलीत पाहिलेली क्लॅरोनेट काळी असते ना! श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं म्हणतो.

काळी क्लॅरोनेट आफ्रिकेतल्या एका कठीण लाकडाची करतात. हे लाकूड ऊन आणि कोरडी हवा लागली की तडकतं. रस्त्यावर, मैदानावर वाजवणाऱ्यांना ते सांभाळणं अवघड. अमेरिकेत १९२० ते १९४० या काळात शाळाशाळांतून बँड उभे राहिले, तेव्हा धातूच्या क्लॅरोनेट मोठ्या संख्येनं निघाल्या. पितळ किंवा जर्मन सिल्व्हरची नळी, वर चांदीचा नाहीतर निकेलचा मुलामा. बोस्टनच्या कंडी-बेटनी कंपनीची 'सिल्व्हा-बेट', क्लीव्हलंडच्या एच. एन. व्हाइट कंपनीची 'किंग' ही उत्तम वाद्यं होती. पण विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातलीही पुष्कळ निघाली आणि त्यांच्यापायी साऱ्या जातीचं नाव खराब झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची क्लॅरोनेट आली. धातूच्या अडगळीत गेल्या. कित्येकींच्या पोटात वायर घालून लोकांनी टेबलावरचे दिवे केले.

हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला मामू आठवले.

मामू लग्नाच्या बँडमध्ये वाजवत. त्यांची क्लॅरोनेट धातूचीच होती. मुलामा उडून आतलं पितळ दिसायचं. सुट्टीत मला शिकवत. म्हणत, "फूंक सीधी रख बेटा. नली कायकी है, कौन पूछता?"

मी कॉलेजात होतो. एका मित्राच्या भावाची वरात निघाली, आणि वाजवायला नेमका मामूंचा बँड. लाल कोटातले मामू दिसले आणि मी मांडवामागे सरकलो. त्यांनीही मला पाहिलं होतं. त्यांचा सूर मात्र हलला नाही. पुढे त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि मीही शिकायला गेलो नाही. ते गेल्यावर मामींनी क्लॅरोनेट भंगारवाल्याला वजनावर दिली. मला विचारलं नाही. विचारावं असं मी काही केलंच नव्हतं.

त्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या जुन्या बाजारात तसलीच एक दिसली. ती माझी पहिली. दुरुस्ती हळूहळू शिकलो. अंधारात नळीत बारीक दिवा सोडायचा आणि चाव्या दाबायच्या. जिथून उजेड गळतो, तिथून हवा गळते. तिथलं पॅड बदलायचं.

वाजवताना या वाद्याचा स्वभाव कळतो. सनईची नळी खाली रुंद होत जाते. वरच्या पट्टीत गेली की 'सा'चा वरचा 'सा' होतो. क्लॅरोनेटची नळी बहुतेक सरळ. ती वरचा 'सा' ओलांडून थेट त्यापुढच्या पंचमावर जाते. हा सारा नळीच्या आतल्या आकाराचा खेळ आहे. धातू लवकर तापतो, लवकर निवतो. त्यामुळे सूर चढतो-उतरतो, तेवढं सांभाळावं लागतं. एकदा मित्राची काळी क्लॅरोनेट आणि माझी एक, दोन्ही दाराआडून वाजवल्या. कोणती कुठली, घरात कुणालाही सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी मामूंचा नातू घरी आला. जुन्या बाजारातली ती पहिली क्लॅरोनेट त्याच्या हातात दिली. "कशाची आहे?" त्यानं विचारलं.

"पितळेची. तुझ्या दादांची होती तशीच."

मग त्याला त्या वरातीची गोष्टही सांगितली. काही न लपवता. तो जरा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "फुंकायची कशी, ते दाखवा."

सातवी आता त्याच्याकडे असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)