एमआरआयचा रिपोर्ट वाचताना

मी विरारहून बोलतोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण आईच्या कमरेचा एमआरआय झाला आणि घरी रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे आलं. 'एल फोर-एल फाइव्ह डिस्क बल्ज, फॅसेट आर्थ्रोपथी.' म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलीय आणि मागचे छोटे सांधे झिजलेत. आई साठीची. 'मणका गेला' म्हणून तिने चालणंच सोडलं.

आमच्याकडे लॉगमध्ये शेकडो वॉर्निंग येतात, पण प्रत्येक वॉर्निंगने सिस्टिम पडत नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या वयात साधारण ६९ टक्के लोकांची गादी फुगलेली होती, निम्म्यांचे फॅसेट सांधे झिजलेले होते. म्हणजे बऱ्याचदा या वयाच्या खुणा असतात, पांढऱ्या केसांसारख्या.

म्हणून डॉक्टरांना एकच विचारा: 'यातलं काय माझ्या दुखण्याशी जुळतं?' आईला उत्तर मिळालं: चालणं थांबवू नका. आता रोज थोडं चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटा-पाठीचे व्यायाम, आखडलं तर शेक. वजन जास्त असेल तर तेही कमी करावं.

मात्र पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर रिपोर्ट वाचत बसू नका. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

रिपोर्ट फोटोचा असतो, माणसाचा नाही. काळजी घ्या, हलत राहा.