निश्चयक शून्य आल्यावर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तू नेमकं करतेस काय?" असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी संगणकावर अँटेना तपासते. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते.

हलगीवर मधोमध थाप मारली की एक नाद, काठावर काडी मारली की दुसरा. दोन्ही नाद त्या कातड्यातच असतात. कुठं मारलं त्यावर कोणता जागा होणार ते ठरतं. धातूच्या पत्र्यातही वीजप्रवाहाचे असे ठरलेले नमुने असतात. त्यांना मोड म्हणतात. प्रत्येक मोडचा एक आकडा असतो, आयगेनमूल्य. तो शून्याजवळ असला की लहरी सहज बाहेर पडतात. शून्यापासून फार दूर गेला की ऊर्जा अँटेनाभोवतीच घुटमळते. 1971 मध्ये हॅरिंग्टन आणि मॉट्झ यांनी हे संगणकाला सोडवता येईल अशा रूपात मांडलं.

पुणे जिल्ह्यात खोडदच्या परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांनी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभ्या केल्या. खिशातला फोनही त्याच नियमांनी चालतो. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटिमीटर, तिचं निम्मं साडेसोळा; फोनची उंची जवळपास तेवढीच. म्हणून आतली चिमुकली अँटेना काडीचं काम करते आणि बऱ्याचशा लहरी फोनचा सांगाडाच सोडतो. मांजरसुंब्याच्या घाटात रात्री गाडी उलटली, रेंज एकच काडी असली, तर 108 ला फोन लागणं या हिशोबावरही अवलंबून असतं.

हा आकडा काढायचा कसा? क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक शून्य आला, की "एकमेव उत्तर नाही" असं लिहून आपण पुढच्या उदाहरणाकडं जायचो. माझं काम तिथूनच सुरू होतं. निश्चयक ज्या आकड्यानं शून्य होतो, तेच आयगेनमूल्य. फरक इतकाच, की दोन ओळींच्या जागी हजारो ओळी असतात.

आज संगणक काही मिनिटांत रंगीत चित्र काढून देतो. ते खरं की खोटं, हे मात्र ज्याला हातानं अंदाज बांधता येतो त्यालाच कळतं. म्हणून विनंती आहे: जमलेल्या निधीतून शाळेला संगणक जरूर घेऊ, पण फळ्यावरचं गणित मागं पडू देऊ नका. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मी स्वतः नववी-दहावीचे वर्ग घेईन. मुलींना आवर्जून पाठवा.

सर, तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं. चुकलं तर टोकायला कुणीतरी हवं.