ताळेबंद वाचायला शिकू या



मी अर्थशास्त्रज्ञ नाही, सनदी लेखापालही नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेच्या काउंटरवर बसणारा एक कारकून आहे. परंतु ग्रॅच्युइटीचा, फंडाचा पैसा खात्यात जमा झाला की आपली माणसे कोणाच्या शब्दावर तो शेअर्समध्ये घालतात, हे मी जवळून पाहतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरात पगाराची ही पहिलीच पिढी आहे. वडिलोपार्जित शेतीवाडी मागे नाही. बुडालेली रक्कम भरून काढायला दुसरा आधार नाही. म्हणून हा विषय मी निवडला.

बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. शेअरला असे संरक्षण नाही. तेथे आपले संरक्षण आपणच करायचे, आणि त्याचे साधन म्हणजे कंपनीचा वार्षिक अहवाल. तो कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात तीन पत्रके असतात : नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक. बहुतेक लोक पहिल्यातील नफ्याचा आकडा पाहून अहवाल मिटतात. खरी गोष्ट अशी की, एकटा आकडा काहीच सांगत नाही. दोन आकड्यांचे नाते सांगते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीची विक्री 100 कोटींवरून 120 कोटी झाली. नफा 10 कोटींवरून 12 कोटी झाला. 5 कोटी लाभांशही वाटला. वर्तमानपत्रात बातमी येईल, ‘नफ्यात 20 टक्के वाढ’. आता ताळेबंद उघडा. गिऱ्हाइकांकडून येणे बाकी 20 कोटी होती, ती 40 कोटी झाली आहे. म्हणजे विक्री 20 कोटींनी वाढली आणि उधारीही तेवढीच वाढली. येणे बाकीला विक्रीने भागून 365 ने गुणले की उधारी किती दिवसांची ते कळते. गेल्या वर्षी ती 73 दिवसांची होती, यंदा सुमारे 122 दिवसांची झाली.

आपल्या वस्तीतला किराणा दुकानदार उधारीच्या वहीकडे पाहून सांगेल की हा नफा वहीत आहे, गल्ल्यात नाही. बाकीच्या बाबी तशाच राहिल्या असे धरले, तर 12 कोटी नफ्यातून वाढलेली 20 कोटींची उधारी वजा करा. धंद्यातून आलेली रोख उणे 8 कोटी. मग लाभांश कशातून दिला? ताळेबंदात पाहा, बँकेचे कर्ज 30 कोटींवरून 45 कोटी झालेले असते. कर्ज काढून लाभांश वाटला आणि आपण खूश झालो!

तेव्हा चार नाती तपासावीत. पहिले, विक्री आणि येणे बाकी यांचे. दुसरे, नफा आणि धंद्यातून आलेली रोख यांचे. एखादे वर्ष फरक पडू शकतो, पण सलग तीन-चार वर्षे रोख मागे राहिली तर सावध व्हावे. तिसरे, कर्ज आणि भागधारकांचा निधी यांचे. व्याज भरून नफा किती पट उरतो हेही पाहावे. चौथे, वर्षभरात हाती येणारी मालमत्ता आणि वर्षभरात द्यावयाची देणी यांचे. टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीनुसार बँका हे प्रमाण किमान 1.33 मागत आल्या. म्हणजे 100 रुपये देण्यासमोर 133 रुपयांची चालू मालमत्ता. मात्र धंद्याप्रमाणे ही प्रमाणे बदलतात. म्हणून तुलना त्याच धंद्यातील दुसऱ्या कंपनीशी आणि त्याच कंपनीच्या मागील पाच वर्षांशी करावी.

कोणी विचारील, आकडेच खोटे असले तर? प्रश्न रास्त आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली. 30 सप्टेंबर 2008 च्या ताळेबंदात रोख व बँक शिल्लक 5,361 कोटी दाखवली होती. त्यातील 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा धंद्यातील नफा 649 कोटी दाखवला, खरा होता 61 कोटी. आणि खोट्या शिल्लकेवर 376 कोटींचे न मिळालेले व्याजही जमेस धरावे लागले होते. जमाखर्चाचा स्वभावच असा आहे. एक खाते खोटे केले की दुसरे खोटे करावेच लागते.

बाहेरच्या माणसाला हे सर्व दिसणे कठीण होते. तरीही एक खूण त्याआधी दिसली. 16 डिसेंबर 2008 रोजी त्या कंपनीने सुमारे 160 कोटी डॉलर्स देऊन प्रवर्तकांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या घेण्याचे जाहीर केले आणि गुंतवणूकदारांच्या विरोधामुळे लगेच मागे घेतले. संगणकाच्या कंपनीला जमीन-बांधकामाच्या कंपन्या कशाला हव्यात, हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. म्हणून संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार, लेखापरीक्षकाचे शेरे आणि प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर्स हे तिन्ही वाचावे. गहाण शेअर्स जाहीर करणे सेबीने जानेवारी 2009 मध्येच सक्तीचे केले.

शेवटी इतकेच सांगतो. प्रमाणे तपासली म्हणजे नफा होईलच, असे नाही. परंतु कोठे पैसा घालू नये, हे त्यातून बरेचसे कळते. जेथे आकडे जुळत नाहीत तेथे थांबावे. जेथे जुळतात तेथेही सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नये. मुलांच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा पैसा शेअर्सपासून दूरच ठेवावा. आपल्या घरात बी.कॉम. करणारी मुले-मुली आहेत. त्यांना एक वार्षिक अहवाल घेऊन शेजारी बसवा आणि ही चार नाती काढायला सांगा. एका रविवारचे काम आहे. ज्या पैशासाठी तीस वर्षे घाम गाळला, त्याच्यासाठी एक रविवार देणे जड नाही.